परक्या माडाचा नारळ

१९ जानेवारी २०२५, रविवार

आधी सगळ्यांची विचारपूस. ह्यांचा गुडघा कसा आहे? कालच्यापेक्षा बरा. पण कबूल करणार नाहीत, कारण मग बाजारात जावं लागेल. आबिदाचा खोकला? कुंपणापलीकडून ऐकू येतोय, म्हणजे आबिदा ठणठणीत. माझे डोळे? उजवा काम करतो, डावा त्याच्या जिवावर बसून खातो. आणि हेमांगी? आठ दिवस फोन नाही. मार्चमध्ये तिची प्राध्यापकपदाची मुलाखत आहे, म्हणजे पोरगी धड जेवत नसणार.

आज वकिलांची जुन्या कागदांची पेटी आली! गावातल्या त्या जुन्या वकिलांचा नातू रितेश रिक्षात घालून घेऊन आला. त्यांच्या घराचं आता होमस्टे होतंय. म्हणाला, ‘‘मावशी, आजोबांच्या खोलीत एसी बसवतोय. हे कागद तुम्ही ठेवा, नाहीतर भंगारवाला उद्या येणारच आहे.’’ भावाभावांच्या भांडणात सव्वीस वर्षं कुलपात होती ही पेटी. आणि आता एका एसीने सुटली.

ह्यांनी वर्तमानपत्रामागून विचारलं, ‘‘झुरळं किती आहेत आत?’’ म्हटलं, तुमच्यापेक्षा कामसू आहेत.

२० जानेवारी

पेटी उन्हात उघडी ठेवली. वास तोच. नव्याण्णव साल आठवलं.

तेव्हा हेमांगी तेवीस वर्षांची होती. ठाण्याहून पाठीवर पिशवी लावून नागावात आली. इंग्रजांच्या अमलात कोर्टं मुलींची वयं कशी ठरवत, हा तिचा विषय. जन्माचा दाखला कुणाकडेच नसायचा, मग साहेब दात बघायचे, उंची बघायचे, आणि लिहायचे – अमुक वर्षं. वकिलांच्या पेटीत असे खटले होते, पण सगळे मोडीत. तिला मोडी येईना. मला येत होती. सातवी पास बाई मी, देवळातल्या जुन्या याद्या समोर ठेवून एकटीने शिकलेली. महिनाभर आमच्या पडवीत मी वाचायची आणि ती लिहायची. ती गेल्यावर उरलेले कागद मी बाळबोधीत उतरवले आणि ती दोनशे पानी वही तिला पोस्टाने पाठवली.

त्या महिन्यात मी तिच्यासमोर बशीतून चहासुद्धा प्याले नाही. शिकलेली पोरगी, तिच्यापुढे आपलं घरगुती काय मांडायचं!

त्या वहीवर तिची डॉक्टरेट उभी राहिली. मग नऊ वर्षं तासावारी शिकवणं. कुठल्याशा मुलाखतीत एका माणसाने विचारलं होतं, ‘‘मुलींच्या वयाचा अभ्यास करता, तुमचं लग्नाचं वय निघून चाललं त्याचं काय?’’ तिने उत्तर दिलं, ‘‘ते दात बघून ठरवा.’’ नोकरी गेली. मला फोनवर सांगून इतकी हसली! मग रडली. तिचा छापून आलेला प्रत्येक लेख माझ्या ट्रंकेत आहे. इंग्रजी आहेत. डिक्शनरी घेऊन एकेक वाचले. एकाला सव्वा वर्ष लागलं.

२१ जानेवारी, मंगळवार

आजचं आजच लिहून ठेवते.

गोदूबाईची जबानी सापडली. १८९३ सालची. हेमांगीचं सगळं नाव ज्या खटल्यावर झालं, तो हा. बाराच्या आतल्या मुलीशी नवऱ्यानेही संबंध ठेवला तर गुन्हा, असा कायदा तेव्हा नुकता झाला होता. गोदूबाईची मुलगी मनू सासरी. आईने कोर्टात अर्ज केला की मुलगी बाराच्या आतली आहे, परत द्या. गोऱ्या डॉक्टरने दात बघितले आणि सांगितलं – बारा पूर्ण. मनूला नवऱ्याच्या घरी परत पाठवली.

हेमांगीने त्यावर मांडलं ते असं: गोदूबाई खोटं बोलली, पण हुशारीने बोलली. अडाणी बायकांनीही सरकारचा कायदा ओळखून मुलीचं वय कमी सांगितलं, वयाचं हत्यार केलं. लोकांना फार आवडलं ते. मलाही आवडलं होतं. गोदूबाई आमच्या नारळ-सुपारीच्या आगरांकडचीच, म्हटलं, बघा, आमच्याकडच्या बायका!

आज मूळ कागद वाचला. शेवटी सात ओळी आहेत. उतरवून ठेवते:

‘मुलगी जन्मली तिचे बारशाचे दिवशी दारी माड लाविला. तो अद्याप फळला नाही. लग्नात ओटीस पहिला नारळ तिचे माडाचा घालावा, तो नसलेमुळे शेजारचे आगरातून परका नारळ मागून आणिला. शेजारीण हजर आहे, तीस विचारावे.’

कुणी विचारलं नाही तिला.

मुलीचा माड! आमच्याकडे अजून लावतात. माझा माहेरी विहिरीपाशी आहे. माझ्या ओटीत त्याचाच नारळ होता. आणि माड फळायला बारा वर्षं लागतात हे कुठल्या डॉक्टरने सांगितलं? आठ-नऊ वर्षांत फळतोच तो.

गोदूबाई खोटं बोलत नव्हती. मनू बारा वर्षांची नव्हतीच. आठ असेल. नऊ असेल.

२२ जानेवारी

झोप नाही. परका नारळ, परका नारळ.

२७ जानेवारी, सोमवार

हेमांगीला फोन केला. सगळं वाचून दाखवलं. 

मग म्हणाली, ‘‘मावशी, माझ्याकडच्या नकलेत या ओळी नाहीत.’’

म्हटलं, असणारच. मी शब्दन् शब्द उतरवला होता. मी तांदळातला खडा वेचून टाकते, कागदातली ओळ नाही.

‘‘थांबा, वही काढते,’’ म्हणाली. पानं उलटल्याचा आवाज आला.  मग आवाज एकदम निराळा. ‘‘मावशी... ती नक्कल...’’ एवढं बोलली आणि थांबली.

‘‘काय?’’

‘‘काही नाही. मी बघते काय करायचं ते. याच खटल्यावरचं माझं पुस्तक छापायला गेलंय. माड मेला असेल, दुसरा लावला असेल, असं लोक म्हणतील. झाडावरून वय काढलेलं कुणी मानणार नाही.’’

‘‘तू मानतेस का?’’

‘‘मला विचार करू द्या, मावशी.’’

विचार करू द्या म्हणे! समजलं मला. त्या ओळी तिच्या मांडणीच्या आड येतात. म्हणून तिने सोडल्या. पंचवीस वर्षं एका आईला खोटारडी ठरवून व्याख्यानं दिली. आणि मी तिच्यासाठी भरली पापलेटं तळत होते.

३ फेब्रुवारी, सोमवार

झाडावरून वय काढलेलं कुणी मानणार नाही ना? बघते.

आजपासून वही वेगळी. घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांना विचारायचं – तुमचा माड कधी लावला, पहिली पोय कधी आली. पोय म्हणजे माडाचा फुलोरा, तो आला की वर्षभरात नारळ. आबिदाला म्हटलं, सोबत चल.

‘‘या उन्हात? मेलेल्या बाईसाठी?’’

‘‘मेलेल्या पोरीसाठी.’’

‘‘कोण लागते ती तुझी?’’

‘‘कोणी नाही.’’

आबिदाने चपला घातल्या. ‘‘अल्ला, हिला थोडी अक्कल दे, आणि मला गुडघे,’’ असं म्हणत पुढे निघाली. रेवदंड्याला तिच्या माहेरी तीन घरं तिनेच काढली. तिच्या आत्यांच्या वाड्यांतही मुलीच्या नावाचे माड आहेत. मला साठ वर्षांत माहीत नव्हतं!

११ फेब्रुवारी, मंगळवार

चौदा माड झाले.

म्हाताऱ्या कशा बोलतात! साल विचारलं तर एकीलाही येत नाही. पण, ‘‘माझ्या माडाला पोय आली ना, त्याच साली आमची होडी नवी झाली, नि धाकट्याचे दुधाचे दात पडत व्हते,’’ असं म्हणतात. मग होडीचं साल पंचायतीत सापडतं, धाकट्याचं शाळेत. एकेक माड असा बांधून घेतला.

नीट लिहून ठेवते. तेरा माडांना सहाव्या ते नवव्या वर्षात पोय आली. एकाला अकराव्यात – तो फणसाच्या दाट सावलीत होता. बाराव्यात एकही नाही.

आमच्या आगरात चढायला येणारा भागोजी, साठीचा, अजून खारीसारखा चढतो. त्याला विचारलं, बारा वर्षं न फळणारा माड पाहिलास का. तो म्हणाला, ‘‘बाय, बारा वर्सा न फललेला माड कोन ठेवतोय? चुलीत जातोय त्यो.’’

हा माझा तज्ज्ञ. त्याची सही घेतली. सही म्हणजे अंगठा, पण गोऱ्या डॉक्टरच्या सहीपेक्षा वजनदार.

१५ फेब्रुवारी

पत्रिका आली. अलिबागला २२ तारखेला हेमांगीचं व्याख्यान. विषय: ‘वय कोण ठरवतं?’ खाली तिने पेनने लिहिलंय – ‘मावशी, तुम्ही नक्की या.’

येते ना. येतेच.

२१ फेब्रुवारी

हे म्हणतात, ‘‘चारचौघांत नको. पोरीची मुलाखत तोंडावर आहे. घरी बोलाव, जेवू घाल, मग बोल.’’

म्हटलं, गोदूबाईला चारचौघांतच खोटी पाडली ना?

हे उठून तेलाची बाटली घेऊन आले. गुडघ्याला तेल लावत बसले. मग हळूच म्हणाले, ‘‘रिक्षा मी सांगून ठेवतो.’’

२२ फेब्रुवारी, शनिवार

झालं. आबिदा अजून खोलीत फेऱ्या मारतेय, मी लिहितेय.

हॉल भरलेला होता. पहिल्या रांगेत तिच्या विद्यापीठातले मोठे सर, मार्चमध्ये तिची मुलाखत घेणारे तेच. हेमांगी बारीक दिसत होती. माझ्याकडे बघून हसली. मी हसले नाही. ती गोदूबाईच्या खटल्याशी आली तशी मी उठले. साडीच्या दुकानाच्या पिशवीतून कागद काढला.

सर म्हणाले, ‘‘आजी, प्रश्न शेवटी घेऊ.’’

‘‘शेवटपर्यंत मी टिकेन याची खात्री नाही. आत्ताच विचारते.’’

लोक हसले. मी वाचलं. सातही ओळी. मग चौदा माड सांगितले, भागोजीचा अंगठा दाखवला. हसणं थांबलं.

सर म्हणाले, ‘‘भावना समजतात. पण नारळाचं झाड हा काही पुरावा नाही.’’

‘‘का नाही? दात पुरावा होतो, मग माड का नाही? त्या डॉक्टरने मनूचे दात आयुष्यात एकदा बघितले. आई तो माड रोज बघत होती.’’

मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग बऱ्याच जणांनी. आबिदाने तर बाकावर हात आपटला.

सर हेमांगीकडे वळले. ‘‘तुम्ही मूळ कागद तपासला नव्हता?’’

तिने माझ्याकडे बघितलं. सरळ, बराच वेळ. मग माईक जवळ घेतला. ‘‘नाही, सर. मी नकलेवर विसंबले. मूळ पाहायला हवं होतं. चूक माझी आहे. मावशी म्हणतात ते बरोबर आहे. गोदूबाई खोटं बोलत नव्हत्या. माझ्या पुस्तकातलं ते प्रकरण चुकीचं आहे.’’

‘‘नक्कल कोणी केली होती?’’

‘‘ते महत्त्वाचं नाही, सर. अभ्यास माझा आहे.’’

महत्त्वाचं नाही! माझं नावसुद्धा तोंडातून निघालं नाही. महिनाभर पडवी, दोनशे पानं, आणि भर सभेत मी कोणीच नाही. बाहेर पडताना ती हात धरायला आली, मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. म्हटलं, ‘‘माझी वही परत पाठव. तुला जर सांगायची लाज वाटते, तर तिच्यावर तुझा हक्क नाही.’’

‘‘राहू द्या ना मावशी माझ्याकडे.’’

‘‘पाठव.’’

‘‘मावशी, खरंच राहू द्या.’’

मी रिक्षात बसले. घरी येऊन भाकरी झाकून ठेवली, पण मान ताठ आहे. गोदूबाई, तुझं म्हणणं ऐकलं गं लोकांनी. एकशेबत्तीस वर्षांनी का होईना.

२३ फेब्रुवारी

आबिदा सकाळीच आली. म्हणाली, ‘‘पोरगी तुझ्याकडे कशी बघत होती, पाहिलंस?’’

‘‘पाहिलं. चोरी पकडल्यासारखी.’’

‘‘न्हाय गं. तशी नाही. आपलं पोर समोर पडायला आलं की बघतो, तशी.’’

हिला काय कळतं. हिचं लक्ष हॉलमागे ठेवलेल्या चहा-वड्यांकडे होतं.

२ मार्च, रविवार

रितेशने फोनवर वाचून दाखवलं. पेपरात आलंय – ‘आजींनी दाखवली प्राध्यापिकेची चूक’. माझा फोटो आहे, डोळा मिटलेला. गावात चारजण येऊन पाया पडून गेले.

हेमांगीची मुलाखत पुढे ढकलली. पुस्तक छापखान्यातून परत मागवलं. हे तिने स्वतः कळवलं, दोन ओळींत. शेवटी ‘काळजी करू नका, जेवतेय’ असं.

मी काळजी करत नाही. जे खरं ते खरं. खऱ्यासाठी कुणाचं तरी थोडं मोडतंच. मी बरोबर आहे.

तीनदा लिहिलं हे वाक्य, दोनदा खोडलं.

९ मार्च, रविवार

वही आली नाही. पुन्हा फोन केला. उचलला नाही, म्हणून मेसेज टाकला, रितेशकडून टाईप करवून: ‘वही दे, नाहीतर मी ठाण्याला येईन.’

उत्तर आलं: ‘कालच पोस्ट केली. रागावू नका. स्वतःवरसुद्धा.’

स्वतःवर कशाला?

११ मार्च, मंगळवार

दुपारी वही आली. तेच पिवळं कव्हर, कोपऱ्यावर माझ्याच चहाचा डाग. गोदूबाईची जबानी चौऱ्याऐंशीव्या पानावर. खाली कंसात, हिरव्या शाईत, जपून काढलेलं अक्षर:

‘यापुढे सात ओळी. माड, नारळ वगैरे बायकी. घरगुती म्हणून सोडल्या.’

अक्षर माझं.

आबिदाला दाखवलं. तिने वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली आणि कुंपणापलीकडे गेली. खोकली नाही.

मुलाखतीच्या सरांना पत्र लिहिलं, पेपरवाल्याला लिहिलं, दोन्हीत हे पान उतरवून, खाली माझी सही आणि पूर्ण नाव. हे स्वतः उठून पोस्टात गेले. गुडघ्याचं काही बोलले नाहीत.

हेमांगीला कार्डच पाठवलं. त्यात एवढंच: तेव्हा तुझ्यासमोर आपलं घरगुती मांडायची मला लाज वाटली. पेटी अजून अर्धी वाचायची आहे, पडवी झाडून ठेवली आहे. आता एकही ओळ सोडणार नाही. दोन शब्द लिही, बाळा, पण लवकर लिही.